सायकल क्लबचे सभासद होण्याने नेमके काय साधते?

मावळतीचा वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कोथरूडला राहतो, वय ४७. गेली काही वर्षे पहाटे एकटाच सायकल चालवतो. चांदणी चौक ओलांडून पिरंगुटपर्यंत, नाहीतर सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जायचे आणि आठच्या आत घरी परतायचे, असा क्रम आहे. सायकल गिअरची आहे, पण साधी हायब्रिड. येत्या हिवाळ्यात वाईमार्गे महाबळेश्वरला सायकलने जाण्याचा विचार आहे.

शेजारच्या इमारतीतील एक गृहस्थ एका सायकल क्लबचे सभासद आहेत आणि मीही तिथे यावे, असा त्यांचा आग्रह आहे. वर्गणी आवाक्यातली आहे, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही. जी गोष्ट माणूस एकट्याने, आपल्या वेळेला आणि आपल्या गतीने करू शकतो, तिच्यासाठी क्लबमध्ये जाऊन जास्तीचे काय मिळते, हे मला समजून घ्यायचे आहे. व्यायाम एकट्यानेही होतो. रविवारी पहाटे पाचला ठरलेल्या चौकात हजर राहण्याचे बंधन मात्र नव्याने अंगावर येते. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे. सभासद होऊन नंतर बाहेर पडलेल्यांचे म्हणणेही वाचायला आवडेल.

घाटमाथा

पहिला लाभ वाऱ्याचा आहे आणि तो एकट्याला कधीच मिळत नाही. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक शक्ती समोरची हवा कापण्यातच खर्च होते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवले तर मागच्याचे कष्ट साधारण पाव ते एक तृतीयांश भागाने कमी होतात. म्हणून आम्ही एका ओळीत चालवतो. पुढचा दमण्याआधीच बाजूला होतो, हळूहळू शेवटी येऊन लागतो आणि दुसरा त्याची जागा घेतो. दुपारी साताऱ्याहून परतताना समोरून वारा सुटला, तर या ओळीत असणारा आणि एकटा चालवणारा यांच्या घरी पोहोचण्यात तासाभराचा फरक सहज पडतो.

चाकोरीबाहेर

मी वेगळ्या मताचा आहे. सायकल हे मला दिवसातले एकमेव असे ठिकाण वाटते, जिथे कोणाशी बोलावे लागत नाही. मुळशीच्या धरणाकाठी मनाला येईल तिथे थांबावे, पक्षी दिसला तर पाहावा, कंटाळा आला तर माघारी फिरावे, हे गटात शक्य नसते. घाटमाथा यांनी सांगितलेले गणित बरोबरच आहे, परंतु त्यासाठी तासन् तास पुढच्या माणसाच्या मागच्या चाकावर नजर खिळवून ठेवावी लागते. मग सह्याद्री बघायचा कधी? ज्याला कोठेतरी वेगाने पोहोचायचे आहे त्याने क्लब गाठावा. मला पोहोचण्याची घाई नाही.

गोदाकाठची

चाकोरीबाहेर यांचे म्हणणे पटते, पण ते एका पुरुषाचे म्हणणे आहे, एवढे नमूद करते. मी नाशिकची. पहाटे पाचला अंधारात गंगापूर रस्त्याला एकटीने सायकल काढणे मला क्लबमध्ये येईपर्यंत जमलेच नव्हते. घरच्यांचा विरोध नव्हता, पण मी परत येईपर्यंत सासूबाई खिडकीत उभ्या असायच्या आणि ते मला बघवत नसे. आता आम्ही सातआठ जणी एकत्र निघतो. कोण कोणाला कुठे भेटणार हे आदल्या रात्री ठरलेले असते आणि परतल्यावर प्रत्येकीने घरी पोहोचल्याचा निरोप टाकल्याशिवाय त्या दिवसाची राईड संपली असे धरले जात नाही. माझ्यासाठी क्लबने रस्ताच उघडून दिला. बाकीचे लाभ त्यानंतरचे.

आमच्या शहरात ही चळवळ रुजली याला इथल्या माणसांचेही श्रेय आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. आषाढीच्या सुमारास नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते, तिच्यात शाळकरी मुलांपासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत सगळे असतात. एवढी माणसे एका वेळी रस्त्यावर उतरवायची, तर पाणी, मुक्काम, मदतीची गाडी, वैद्यकीय पथक हे सगळे कोणीतरी महिनाभर आधीपासून जुळवावे लागते. ते काम संस्थेचेच आहे.

मध्यमलय

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून गुडघ्यांबद्दल लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या सायकलस्वारांत एकट्याने, स्वतःच शिकून चालवणारे बरेच असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांचे दुखणे सीटच्या उंचीत दडलेले असते. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. जास्त वर असेल तर कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते आणि गुडघ्याच्या मागची शीर ओढली जाते. सोपी पद्धत अशी की पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी, पाय सरळ झाला पाहिजे. नंतर नेहमीप्रमाणे चवडा ठेवला की गुडघ्यात किंचित बाक उरतो आणि तो हवाच.

दुसरी गोष्ट जड गिअरची. जड गिअरवर पाय रेटणे म्हणजेच खरा व्यायाम, असा समज फार पसरलेला आहे. हलका गिअर घेऊन मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवले तर सांध्यांवरचा भार कमी होतो आणि माणूस अधिक लांब जातो. क्लबमध्ये या गोष्टी पहिल्याच रविवारी मागून येणारा कोणीतरी बघतो आणि सांगतो. स्वतःची बसण्याची पद्धत स्वतःला दिसत नाही, त्यामुळे एकट्याने चालवणाऱ्याला ही चूक दुखणे सुरू झाल्यावरच कळते.

उतारावर

धागाकर्त्यांनी बाहेर पडलेल्यांचे मत विचारले आहे, म्हणून लिहितो. मी पुण्यातल्या एका क्लबमध्ये होतो आणि विचारपूर्वक बाहेर पडलो. सुरुवात चांगली झाली होती. पुढे प्रत्येक राईडचा सरासरी वेग ग्रुपवर टाकण्याची पद्धत पडली, आणि ज्यांचा वेग कमी ते हळूहळू येईनासे झाले. चढावर मागे पडलेल्यांची वाट पाहणे बंद झाले. एकदा बोपदेव घाटात एका नव्या सभासदाची चेन तुटली आणि पुढे गेलेल्यांना ते सासवडला नाश्ता मागवल्यावर समजले. तो बिचारा सायकल हाताने ढकलत घाट उतरून परत गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. शिवाय कार्बनची सायकल, महागडे बूट, नवे घड्याळ यांचे बोलणे इतके वाढले की साध्या सायकलवाल्याला संकोच वाटावा. माणसांना एकत्र आणण्यासाठी निघालेली गोष्ट माणसे गाळण्याचे काम करू लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

घाटमाथा

उतारावर, तुमचा अनुभव वाचून खरोखर वाईट वाटले आणि तो अपवादात्मक नाही हेही मान्य करतो. आमच्याकडे यासाठी एक नियम कटाक्षाने पाळला जातो. प्रत्येक राईडला एक अनुभवी सभासद सर्वांत शेवटी राहतो. त्याला आम्ही ‘स्वीप’ म्हणतो. त्याच्याजवळ पंप, ट्यूब, चेन जोडायचा पाना आणि प्रथमोपचाराची पिशवी असते आणि काही झाले तरी तो कोणाला मागे सोडून पुढे जात नाही. पुढचे प्रत्येक फाट्यावर थांबतात आणि स्वीप दिसल्याशिवाय हलत नाहीत. हे काम आळीपाळीने सगळ्यांकडे येते, आणि सर्वांत वेगवान मुलांकडे ते मुद्दाम आधी देतात.

काळोखातला दिवा

मी लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे करतो. आतापर्यंत चर्चा गट की एकटेपणा अशी चालली आहे, पण माझा अनुभव असा की क्लबमध्ये गेल्यामुळेच मी एकट्याने चालवण्यास लायक झालो.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. ब्रेव्हे म्हणजे ठराविक अंतर ठराविक वेळेत पूर्ण करायचे: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत. ही चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण केली की ‘सुपर रांदोनर’ म्हणतात. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत आला तो यशस्वी, मग तो सर्वांत आधी येवो की शेवटची पाच मिनिटे उरली असताना. या प्रकाराची सूत्रे पॅरिसच्या ओडॅक्स क्लबकडे आहेत आणि भारतातील शहरोशहरीचे क्लब त्याच नियमांनी ब्रेव्हे भरवतात. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरची प्रसिद्ध राईड १८९१ मध्ये प्रथम झाली. आता ती दर चार वर्षांनी होते आणि कमाल ९० तासांत पूर्ण करावी लागते. २०२३ मध्ये ती झाली, तेव्हा महाराष्ट्रातूनही सायकलस्वार गेले होते.

मुख्य मुद्दा असा की दोन नियंत्रण ठिकाणांच्या (वाटेत हजेरी नोंदवण्याच्या जागांच्या) मधे बाहेरची मदत घेता येत नाही. रात्री दोनला हायवेवर पंक्चर झाले तर तुमचे तुम्हीच काढायचे. हे कोठे शिकायचे? मी क्लबमध्ये शिकलो. आमच्याकडे एक ज्येष्ठ सभासद आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. ते नव्या माणसाला ट्यूब बदलू देतात आणि मग लगेच चाक बसवू देत नाहीत. टायरच्या आतून बोटे हळूहळू फिरवून जे टोचले ते सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, हा त्यांचा दंडक. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. तशी तार टायरात घुसली की बाहेरून दिसत नाही आणि आतून जेमतेम केसाएवढी वर आलेली असते. ती चिमट्याने ओढून काढली नाही तर दुसरी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. त्या गृहस्थांनी हे अंधारात, फक्त डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. नंतर मी रात्र रात्र एकटा चालवली आणि मला भीती वाटली नाही, ती त्यांच्यामुळे.

पंचगंगा

तारेचा मुद्दा अगदी खरा. त्याला जोडून व्हॉल्व्हबद्दल सांगतो, कारण आमच्या कोल्हापूर भागात यावर अनेक जण अडतात. बारीक टायरच्या सायकलींना बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरण्याची बारीक, लांब नळी) असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप त्याला बसत नाही. पितळेची एक छोटी टोपी मिळते, ती व्हॉल्व्हवर फिरवून बसवली की मोटारसायकलच्या हवेनेही काम भागते. ती टोपी सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावी. मात्र हवा भरताना टोक आधी सैल करायला विसरू नये आणि पंक्चरवाल्याला दाब किती हवा ते स्पष्ट सांगावे.

धुके आणि ऊन

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे सायकल क्लब ही फार जुनी गोष्ट आहे. ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ १८७८ मध्ये स्थापन झाला आणि आज तो ‘सायकलिंग यूके’ या नावाने चालू आहे. इथे सभासदत्वाचा एक रोकडा लाभ म्हणजे विमा. सभासदाच्या हातून रस्त्यावर दुसऱ्याला दुखापत झाली किंवा कोणाच्या गाडीचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई सभासदत्वाबरोबर मिळणाऱ्या विम्यातून होऊ शकते. आपल्याकडच्या क्लबांनी निदान सामूहिक अपघात विम्याचा विचार करावा. सभासद होण्याआधी धागाकर्त्यांनी हे विचारून घ्यावे असे सुचवतो.

दुसरे म्हणजे, परक्या देशात आल्यावर माझी पहिली मैत्री क्लबच्या रविवारच्या राईडमध्येच झाली. शेजारी शेजारी चालवताना समोर बघत बोलायचे असते, त्यामुळे भाषेचा संकोच असलेला माणूसही मोकळा होतो. पहिल्या हिवाळ्यात तो आधार मला फार मोठा वाटला होता.

चाकोरीबाहेर

काळोखातला दिवा यांच्या मुद्द्याने मला विचारात पाडले. पंक्चर मी काढू शकतो, पण मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) वाकला किंवा गिअर उड्या मारू लागले तर दुकानाशिवाय माझ्याजवळ उपाय नसतो, आणि त्या भीतीने मी मुळशीच्या पुढे ताम्हिणीत उतरण्याचे टाळत आलो आहे. म्हणजे ज्या मोकळेपणासाठी मी एकटा चालवतो, त्यालाच ही मर्यादा पडली आहे, हे मान्य करायला हवे. तरीही दर रविवारी गटाबरोबर जाणे माझ्याने होणार नाही. केवळ शिकण्यापुरते जाता येते का?

काळोखातला दिवा

अवश्य येते. बहुतेक क्लबांत सायकल दुरुस्तीचे वर्ग होतात आणि त्यांना येणाऱ्या प्रत्येकाने रविवारी पहाटे हजर असलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदाच येणारे सभासद आहेत आणि त्यांचा तितकाच मान ठेवला जातो.

पंचगंगा

ज्यांच्या गावात क्लबच नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. आमचा गट पाचसहा जणांवर सुरू झाला. त्यात एक शिक्षक, एक दूध संघातले कर्मचारी, एक वकील आणि एक सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे काका होते. नोंदणी, पावतीपुस्तक, टी-शर्ट यांच्या मागे आम्ही सुरुवातीला लागलोच नाही. दोनच गोष्टी ठरवल्या: हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल त्याने यायचे नाही, आणि पन्हाळ्याचा चढ कोणीही उतरून चालत चढला तरी त्याला वर पोहोचेपर्यंत सोबत द्यायची. दुकानवाल्या काकांनी प्रत्येकाच्या सायकलचे ब्रेक आणि चेन तपासून घेण्याची सवय लावली. पुढे आम्ही लोकांच्या जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकली गोळा केल्या, काकांच्या हाताखाली त्या दुरुस्त केल्या आणि लांबून शाळेला चालत येणाऱ्या मुलींना दिल्या. मूठभर माणसे एकत्र आली म्हणून हे झाले. मी एकटा आयुष्यभर सायकल चालवत राहिलो असतो, तरी माझ्या हातून झाले नसते.

मावळतीचा वारा

सर्वांचे मनापासून आभार. बंधनाचा मुद्दा मी लिहिला होता, पण गोदाकाठच्या ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर तेच बंधन कोणाला आधार वाटू शकते हे ध्यानात आले. उतारावर यांचा अनुभव वाचल्यामुळे दोन प्रश्न उरतात. चांगला क्लब आधीच ओळखायचा कसा, आणि महाबळेश्वरची राईड क्लबबरोबर करण्यात विशेष फायदा आहे का?

उतारावर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मीच देतो, कारण बाहेर पडल्यावर मी त्यावर बराच विचार केला. वर्गणी भरण्याआधी पाहुणा म्हणून एका राईडला जा आणि मुद्दाम सर्वांत मागे राहा. सोबतीला कोणी मागे येते का, पुढचे थांबतात का, थांबलेल्यांच्या चेहऱ्यावर त्रासिकपणा आहे का, हे बघा. गटात स्त्रिया आहेत का, साध्या सायकली आहेत का, पन्नाशीच्या पुढचे लोक टिकून आहेत का, हेही बघा. सिग्नल तोडून पुढे जाणारा गट असेल तर तिथूनच परत फिरा. मी सध्या याच कसोट्यांवर दुसऱ्या एका क्लबबरोबर जात आहे आणि समाधानी आहे.

घाटमाथा

महाबळेश्वरबद्दल. खंबाटकीच्या चढाला मालाने भरलेले ट्रक अगदी सावकाश चढत असतात आणि त्यांना ओलांडणाऱ्या मोटारी आपल्या अंगावर येतात. तिथे दहा जणांची ओळ, प्रत्येकाच्या मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट असेल तर मोटारवाल्याला लांबूनच दिसते. वाईत भरपूर पाणी प्यावे, काहीतरी खारट खावे आणि मगच पसरणी घाट घ्यावा. सकाळी आठनंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात, म्हणून पुण्यातून निघण्याची वेळ क्लब त्या हिशेबाने ठरवतो. शक्य झाल्यास पहिला दिवस वाईपर्यंतच ठेवून घाट दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे चढावा. वळणांवरून खाली धोम धरणाचे पाणी दिसू लागते तिथे थांबायला कोणी मनाई करत नाही, हे चाकोरीबाहेर यांच्यासाठी मुद्दाम लिहितो.

उतरताना मात्र दमलेल्या हातांनी ब्रेक सतत दाबून धरले जातात, रिम तापतात आणि ताबा जातो. म्हणून नवे सभासद असतील तेव्हा आम्ही परतीला टेम्पो करतो. एकट्यासाठी टेम्पो परवडत नाही, पण बाराजणांत भाडे विभागले की प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते.

चाकोरीबाहेर

घाटमाथा, धोमसाठी आभारी आहे. दुरुस्तीच्या वर्गाची वेळ कळवलीत तर येईन.

मध्यमलय

धागाकर्त्यांनी जाण्याआधी महिनाभर तरी सिंहगडाचा चढ हलक्या गिअरवर, न थांबता पण न धापता चढण्याचा सराव करावा. धाप लागून बोलता येईनासे झाले तर वेग कमी करावा. सोबत बोलायला कोणी असले की हे आपोआप कळते.

मावळतीचा वारा

येत्या रविवारी पाहुणा म्हणून जात आहे आणि उतारावर यांनी सांगितल्याप्रमाणे मागेच राहणार आहे. टेम्पोत सायकली नेताना काही काळजी घ्यावी लागते का?

पंचगंगा

होय. सायकली एकमेकींवर आडव्या रचू नयेत. त्या उभ्याच ठेवाव्यात, एकीचे पुढचे चाक दुसरीच्या मागच्या चाकाशी येईल अशा उलटसुलट, आणि दोहोंच्या मधे गोणपाट किंवा जुनी चादर घालावी. डिरेलर दुसऱ्या सायकलच्या दांड्याला टेकणार नाही हे बघावे आणि चेन मागे सर्वांत मोठ्या दात्यावर आणून ठेवावी, म्हणजे डिरेलर आतल्या बाजूला राहतो. दोरी फ्रेमला बांधा, चाकाच्या तारांना बांधू नका. पाण्याच्या बाटल्या आणि दिवे काढून स्वतःजवळ ठेवा, कारण घाटाच्या वळणांवर तेच आधी सुटून पडतात.